ओट्यावरचं डावं पाऊल

ज्या पावलांना तुम्ही हळदकुंकू वाहता, ती नेमकी कुणाची आहेत हे कधी दोरा लावून मोजलंय का?

मी मोजलंय. म्हणून हे लिहितेय, आणि लिहिताना माझीच चिडचिड होतेय.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता, आणि आजही नाही. बाबा नाचणगावला भाजीपाला पिकवतात, पुलगावच्या बाजारात विकतात, आणि उरलेल्या वेळात बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटतात. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता मी पत्रकांच्या घड्या घातल्या आहेत. सहावीत असताना अंगात आलेल्या एका बाईला भर मांडवात विचारलं होतं, की देवीला माझ्या वहीतलं अडलेलं गणित सुटेल का? त्याबद्दल मार खाल्ला, पण प्रश्न मागे घेतला नाही. तर अशी मी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलींना आर्मीत अधिकारी म्हणून घ्यायला लागून फार वर्षं झाली नव्हती. वर्ध्याला कॉलेज झालं होतं, एनसीसीचं सी सर्टिफिकेट हातात होतं, पण मधली काही वर्षं एका शाळेत शिकवण्यात गेली. आता वयाच्या मर्यादेत बसणारी ही शेवटची खेप होती. भोपाळच्या निवड मंडळाचं पत्र आलं. मे अखेरीस पाच दिवसांच्या चाचण्या, पास झालं तर लगेच मेडिकल. हातात सात आठवडे.

तयारी करून घ्यायला उस्ताद होते. रिटायर्ड हवालदार. फौजेत रंगरुटांची पीटी घ्यायचे, आता गावात सायकली दुरुस्त करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला वर्धा नदीच्या कोरड्या पात्रात वाळूतून पळवलं, कडुनिंबाच्या फांदीला लटकवलं, आणि मग आमच्या शेतात पंपाच्या खोलीपुढे सिमेंटचा ओटा आहे, तिथं नेलं. बादलीत पाय बुडवायला लावले. "आता ओट्यावर उभी राह्य. उतर."

ते ओल्या ठशापाशी उकिडवे बसले.

"हे पाऊल नाई बेटा, भाकर हाय."

मी हसले. ते हसले नाहीत. चांगल्या पावलाला आतल्या बाजूनं कमान असते, ठशात तिथं कोरडी जागा राहते. माझे दोन्ही ठसे सपाट, भरगच्च, टाचेपासून बोटांपर्यंत एकसंध.

"मेडिकलवाला असंच उभं करते. सपाट पाय दिसला का घरी पाठवते. तू कितीबी पळ."

"मग मी करू काय उस्ताद?"

"रडू नको, थे पयले. सोड्याची बाटली आन."

तेव्हापासून रोज सकाळी पळणं, पुशअप्स, दोरी, खड्ड्यावरून उड्या... आणि मग अर्धा तास तळव्याखाली काचेची बाटली फिरवायची, चवड्यांवर चालायचं, पायाच्या बोटांनी टॉवेल उचलायचा. शेवटी ओट्यावर ठसा. उस्ताद त्याच्याभोवती खडूनं रेघ मारायचे. एक आठवडा, दोन, तीन... भाकर ती भाकर. दोन पोळ्या अडीच किलोमीटर पळून आल्यासारख्या रोज तिथं उमटायच्या.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ओट्यावर अनवाणी उभं राहता येत नव्हतं. लाईट सकाळपासून गेलेली, मोटर बंद, पाइपात थेंब नाही. लाईट आली का बघायला मी पंपाच्या खोलीकडे गेले, आणि ओट्यावर दोन ओली पावलं दिसली.

शेजारी शेजारी. दोन्ही पावलांना आतून सुरेख कमान.

पहिला विचार — कुणीतरी आत्ताच हातपाय धुऊन गेलं. वाट पाहिली. ती वाळेनात. मी माठातलं पाणी आणून स्वतःचा पाय ओला केला, बाजूला ठेवला. शंभर मोजायच्या आत माझा ठसा उडाला. ती दोन तशीच. हात लावला तर बोट ओलं. तेलाचा वास नाही, चिकटपणा नाही. साधं पाणी.

मग दिसली करंगळी. लहानपणी माझा डावा पाय सायकलच्या चाकात गेला होता. तेव्हापासून ती करंगळी शेजारच्या बोटाच्या अंगावर चढून बसली आहे. ओट्यावरच्या डाव्या पावलाची करंगळी तशीच चढलेली होती. मी दोरा आणला. टाच ते अंगठा, चवड्याची रुंदी, सगळं मोजलं. दोन्ही पावलं माझी होती. फक्त माझ्या पायाला नसलेली कमान त्यांना होती.

संध्याकाळी उस्ताद म्हणाले, "मी कायले बनवू? मले पाऊल बनवता येत असतं तं तुह्याच पायाले नसतं लावून देलं?"

बाबांनी चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "घाई करायची नाही. रोज पाहायचं, लिहून ठेवायचं. पुसायचंही नाही."

आम्ही लिहून ठेवायला बसलो, पण गाव थोडंच थांबणार होतं? आमच्याकडे भेंडी तोडायला येणाऱ्या शांताकाकूंनी दुसऱ्या दिवशी पावलं पाहिली. "माय वं! लक्ष्मी उभी राह्यली तुमच्या ओट्यावर, आन तुम्ही दोरा लावून राह्यले?" तासाभरात कुंकू. संध्याकाळी तांदूळ, नारळ. मी ओरडून सांगितलं की ही माझी करंगळी आहे, या, बघा! एकजण म्हणाला, "तुह्यावाली करंगळी देवीनं घेतली असंन." ज्याला पुरावा दाखवावा तो पुराव्यालाच नमस्कार करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी शांताकाकू नातीला उराशी धरून आल्या. पिंकी, चार वर्षांची. अंग तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले. काकू खाली बसल्या आणि पावलावरचं पाणी बोटानं घेऊन तिच्या ओठांना लावायला लागल्या.

"काकू, हिला दवाखान्यात का नाही नेलं?"

"रातीपासून ताप हाय. आता हे पाजलं का उतरते."

"रात्रीपासून!"

माझं डोकं फिरलं. मी उस्तादांना ओरडून ऑटो आणायला सांगितलं, गोठ्यातला खराटा उचलला आणि उजवं पाऊल घासायला लागले. काकू किंचाळल्या, "काऊन पुसून राह्यली वं? काऊन?" मी घासत राहिले. कुंकू, तांदूळ, पाणी, सगळं. उजवं पाऊल गेलं. डाव्याकडे वळले, तेवढ्यात बांधावर ऑटोचा आवाज आला. "टाक थो खराटा, पोरीले धर पयले!" उस्ताद ओरडले. मी खराटा टाकला, पिंकीला उचललं आणि बसले. पुलगावच्या डॉक्टरांनी बघताच पुढे सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सलाईन लागलं. काकू रात्रभर माझ्याकडे पाठ करून खाटेशी बसल्या. चौथ्या दिवशी पिंकी खाटेवर बसून बिस्किट मागत होती.

मी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीच शेतात परतले होते. डावं पाऊल नव्हतं. कुणी पुसलं म्हणावं, तर भोवतीचं कुंकू आणि तांदूळ जसेच्या तसे. मधली जागा कोरडी, स्वच्छ, पावलाच्या आकाराची.

त्यानंतर मी त्या ओट्यावर पाय ठेवला नाही. पळत होते, बाटली फिरवत होते, पण ठसा घ्यायचा नाही. निघताना उस्ताद एवढंच म्हणाले, "नजर समोर. पायाकडं पाहजो नको."

भोपाळला पाच दिवस झाले आणि माझा नंबर पुकारला गेला. निवड झाली होती! आता फक्त मेडिकल. वजन, डोळे, कान, गुडघे... मग एका लेडी डॉक्टरांनी ओल्या कपड्यावर उभं केलं, तिथून फरशीवर. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"कमाल है," त्या म्हणाल्या. "लेफ्ट में अच्छी-खासी आर्च है. राइट बिलकुल फ्लॅट."

मी खाली पाहिलं. डाव्या पावलात कोरडी कमान. करंगळी चढलेली. आणि शेजारी उजवी... भाकर.

अनफिट ठरले. बेचाळीस दिवसांच्या मुदतीत अपील केलं. तिथंही तेच. वय संपलं. गणवेश घालायचा राहिला तो राहिलाच.

सावंगीच्या एका डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, व्यायामानं एखाद्या पायात फरक पडू शकतो, थोडाफार. इतका? इतक्या लवकर? त्यांनी खांदे उडवले. ओट्यावरच्या ठशाचं सांगितलं तेव्हा हसले. मीही त्यांच्या जागी हसलेच असते.

शांताकाकू घरी आल्या, दारातच बसल्या. टोमणा मारतील म्हणून मी तयार होते. त्या माझ्या उजव्या पायाकडे बघत हळू म्हणाल्या, "उजवंच पुसलं व्हतं न तूनं? माह्या नातीसाठी गेलं वं तुहं पाऊल."

"कुणासाठी काही जात नसतं, काकू! योगायोग आहे."

मी हे इतक्या जोरात म्हटलं, की बाबा आतून बाहेर आले.

आता काही वर्षं झाली. वर्ध्याच्या एका मैदानावर मी मुलींना भरतीची तयारी करून घेते. पहिल्या दिवशी बादली, पाणी, ठसा. एखादीची भाकर उमटली की मी तिला बाटली देते. मला पुन्हा पुन्हा विचारलं जातं, तोच प्रसंग आला तर काय करशील? खराटाच उचलेन. आजारी पोरीच्या ओठांना कुणी ओट्यावरचं पाणी लावत असेल तर शंभर वेळा उचलेन. पण त्या डाव्या पावलासमोर माझा हात कसा चालेल... ते मला माहीत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बाबांच्या वहीतही नाही. त्या तीन दिवसांच्या नोंदींखाली त्यांनी तारीख घालून जागा सोडली आहे, ती अजून कोरी आहे.

म्हणून वाचकांना एक काम सांगते, आणि ते खरंच करा. येत्या मे महिन्यात, भर दुपारी, पाय ओला करून उन्हातल्या सिमेंटवर ठेवा. ठसा किती आकड्यांत वाळतो ते मोजा आणि या सदराकडे लिहून पाठवा. आणि कधी न वाळणारं पाऊल दिसलंच, तर कुंकू लावू नका, नारळ फोडू नका, आजारी माणसाला तिथं न्यायचं सोडून दवाखान्यात न्या. नंतर खुशाल पुसा.

फक्त पुसण्याआधी एकदा खाली वाकून त्याची करंगळी बघा.