वामनराव मास्तरांचे चिंचोके

देऊळगाव राजात कुणाचा पोरगा इंग्रजीत अडला की लोक म्हणायचे, "वामनराव मास्तरकडं पाठवा." अडलेला म्हणजे नापास झालेला नव्हे बरं! मास्तरांकडे यायची ती मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आलेली पोरं. कागदावर असं लिहायची की तपासणाऱ्यानं लाल पेन्सिल खाली ठेवावी. पण मुलाखतीला साहेब समोर बसला की दातखीळ!

मास्तरांनी त्यावर खेळ काढला. बालाजीच्या देवळामागच्या खोलीत पोरं सतरंजीवर गोल बसायची. प्रत्येकापुढे दहा चिंचोके. एक साहेब व्हायचा, एक उमेदवार. कधी एक दुकानदार, दुसरा भांडकुदळ गिऱ्हाईक. इंग्रजीत वाटेल ते बोला, चुका, हसा; पण मराठीचा एक शब्द निघाला की एक चिंचोका मधल्या वाटीत. दारात कुणीही येवो, डाव संपेस्तोवर उत्तर इंग्रजीतच. "कलेक्टर आला तरी!" असं मास्तर गावभर सांगत फिरायचे. माणूस भला, पण स्वतःच्या हुशारीवर खूश झालेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

त्रेसष्ट सालच्या चैत्रात एका संध्याकाळी दयारामचे दहाच्या दहा चिंचोके शाबूत होते. आजवर ते कुणालाच जमलं नव्हतं. डाव संपायला पाच मिनिटं उरली आणि दारात त्याचा बाप उकंडराव येऊन उभा राहिला, घामाघूम.

"दयाराम, तुह्या मायले जालन्याले नेऊन राह्यलो. ताप उतरूनच नाही राह्यला. येष्टी सुटते आता, अन् ती म्हणते, पोराले एकदा पाहू द्या."

दयाराम अर्धा उठला. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी एक बोट वर केलं आणि वाटीकडे दाखवलं. पोरगा खाली बसला.

"प्लीज वेट, फादर. आय ॲम बिझी नाऊ."

पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तर म्हणाले, "व्हेरी गुड!" टाळ्या ऐकून उकंडरावही कौतुकानं हसला. थोडा वेळ थांबला आणि मग फेटा सावरत घाईघाईनं स्टँडकडे गेला. डाव संपल्यावर दयाराम धावत सुटला, पण शेवटची एसटी गेली होती. सकाळच्या गाडीनं तो पोचण्याआधीच, पहाटे जालन्याच्या दवाखान्यात माय वारली.

दयाराम मास्तरांना चकार शब्द बोलला नाही. पुढे नागपूरला चांगल्या नोकरीला लागला. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, सुरेख इंग्रजीत, 'सारं आपल्यामुळेच' असं लिहिलेलं. ते वाचून मास्तरांना फराळाचा घास गिळवत नसे. खेळ त्यांनी कधीच बंद केला होता. बोट आपलं आणि भोगलं पोरानं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांनी न राहवून ते माफी मागायला उकंडरावाच्या मळ्यात गेले. तो वांग्यांना पाणी देत होता. मास्तरांनी तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "बरं झालं आले, मास्तर. एक इचारायचं होतं. त्या दिवशी दयाराम इंग्रजीत काय बोलला होता?"

मास्तर बांधावर टेकले.

"त्याले इचारलं तं मन दुखीन त्याचं. मायनं येष्टीत इचारलं, पोरगं काय म्हणलं? मले काय समजते? मी सांगतलं, तो म्हणला, माय, तू पुढं हो, मी मांगून आलोच. मंग ती दवाखान्यात रातभर दाराकडेच पाहत राह्यली." उकंडरावानं हातातलं फावडं खाली ठेवलं. "मरत्या बाईले खोटं तं नाही ना सांगतलं मी?"

थांबा, मी कामात आहे. एवढंच बोलला होता दयाराम, आणि तेही मास्तरांच्या बोटामुळे. कबुलीचे शब्द मास्तरांच्या ओठांवर आले. पण ते बोलले असते तर आपलं ओझं या म्हाताऱ्याच्या डोक्यावर गेलं असतं.

"तेच म्हणाला होता, उकंडराव," मास्तर म्हणाले. "शब्दन् शब्द."

उकंडरावानं डोळे पुसले. मग हौसेनं कोवळी कोवळी वांगी तोडून मास्तरांच्या उपरण्यात बांधली. मास्तर ती घेऊन घरी आले.