तांडेलाने आपली सुई दिली तेव्हा

दोन तास लिहायचं टाळत होतो.

आज हर्णेला मासळीचा लिलाव बघत भटकत होतो. मासेमारीची होडी चालवणाऱ्या ओळखीच्या एका तांडेलदादाने जाळं विणायची त्याची सुई माझ्या हातात ठेवली. "घे, मला आता नको." मी खूश होऊन भजी खायला गेलो. तिथे खटकलं, वर्षानुवर्षं हाताला बसलेली सुई कोण देतं? जीव द्यायचं ठरवलेली माणसं जपलेल्या वस्तू देऊन टाकतात, असं कुठेतरी वाचलं होतं.

परत जाऊन सरळ विचारलं, "दादा, जीव द्यायचं मनात आहे काय?"

 तो म्हणाला, "आहे. घरी सांगू नको."

"सांगणार. शिव्या घाल हवं तर."

त्याच्या बहिणीला फोन केला. ती लांबून निघालीय, आली की त्याला डॉक्टरकडे नेतोय. तोवर त्याच्याजवळच बसलोय, हे त्याला विचारूनच लिहितोय. तुम्ही कोणाला असं सरळ विचारलंय?

थांबा, बहिणीनेच कळवलं असावं, तिच्या आधी दादाचा भाऊच आलाय. दोन वर्षं अबोला होता दोघांत.