गोष्टीत रडायला हवं

रेवदंड्याला आमचं पाळणाघर आहे. पहाटे होड्या लागल्या की बायका मासळी निवडायला, वाळत घालायला बंदरावर जातात. तोवर त्यांची मुलं आमच्याकडे. इतकं साधं काम. पण ते म्हणे आम्हाला 'मांडता' येत नव्हतं, म्हणून आम्हा संस्थाचालकांना अलिबागला प्रशिक्षणाला बसवलं. आकडे सांगू नका, गोष्ट सांगा. एकाच बाईची सांगा. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. जेवण उत्तम होतं. मी सगळं निमूट लिहून घेतलं, कारण पैसे देणारी कंपनी आमचा व्हिडिओ बघूनच मदतीची मुदत वाढवायची की नाही ते ठरवणार होती. नाही वाढवली तर पाळणाघराला कुलूप.

मी एक कोळीण निवडली. नवरा बोटीवर, घरात दुसरं माणूस नाही, पदरात लहान मुलगा. गोष्टीला अगदी साजेशी. शूटिंगच्या दिवशी ती आली ती हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून आणि होतं नव्हतं ते सोनं अंगावर घालून. जशी काही हळदीलाच निघालीय.

मुंबईहून आलेल्या कॅमेरावाल्याचं तोंड उतरलं. मी हळूच म्हटलं, "अगं, हार तरी काढून ठेव."

"काय म्हून? फोटू माझा हाय ना, बाई? मोकळा गला बघून लोकं म्हनतील, हिचा नवरा मेलाय काय!"

मग त्याने मुलाकडे मोर्चा वळवला. ते आमची खिचडी आणि अंडी खाऊन गुटगुटीत झालेलं, कॅमेऱ्याकडे बघून खिदळत होतं. "मॅडम, जरा बारीक मूल मिळेल का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारीक मूल मिळालं असतं, तर आम्ही इतके दिवस काय झक मारत होतो?

शेवटी त्याने तिला विचारलं, "पाळणाघर बंद झालं तर?" इथे डोळ्यांत पाणी अपेक्षित होतं. ती पदर खोचून म्हणाली, "बंद कसं व्हईल? टालं तोडीन मी!"

व्हिडिओ तसाच पाठवला. कंपनीच्या साहेबांचा फोन आला. त्यांना फारच आवडला. आई सक्षम दिसते, मूल सुदृढ आहे, म्हणजे हेतू साध्य झाला. आता मदत जास्त गरजू ठिकाणी वळवतो, अभिनंदन. मी "थँक्यू" म्हटलं. फोन ठेवल्यावर मला रडू कोसळलं, पण तेव्हा कॅमेरा नव्हता.

महिनाअखेरीस बंद करतोय, असं मी सगळ्या आयांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दार उघडायला गेले तर ती पायरीवर उभी. मासळीच्या वासाचं विटकं लुगडं, कडेवर मूल, आणि गळ्यात काळे मणीसुद्धा नाहीत. नवरा तेव्हा समुद्रावर होता.

"आता काढा फोटू, बाई," ती म्हणाली.

"मणी कुठायत तुझे?"

"कनवटीला हायेत."

"आधी गळ्यात घाल!" मी ओरडले. कुलपात किल्ली शिरेना.