शिसमाचा पलंग

हरिसिंग राठोडच्या तांड्यावर गिटारला कोणी गिटार म्हणत नाही, बाजा म्हणतात. ‘काय हरिसिंग, झाला का बाजा?’ असं नेरच्या बसस्टँडवरही लोक विचारायचे आणि एकमेकांना टाळ्या द्यायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? हाताला इतकी सफाई असलेला सुतार दारं-खिडक्या सोडून एका पोकळ डब्यासाठी पावसाळाभर खोली बंद करून बसतो, म्हणजे त्याचं डोकं फिरलं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

डोकं फिरलं ते पुण्यात. फर्निचरच्या कामाला म्हणून तरुणपणी गेला आणि हातानं गिटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात जो शिरला, तो अठरा वर्षं तिथंच राहिला. नायलॉनच्या तारांची, नुसत्या बोटांनी वाजवायची गिटार. तिची दांडी कोरता कोरता तो पुढच्या पांढऱ्या फळीपर्यंत पोचला. ही फळी म्हणजे गिटारीचा जीव. स्प्रूस नावाचं परदेशी, हलकं लाकूड. कानाशी धरून बोटानं वाजवायचं, थोडं तासायचं, पुन्हा वाजवून ऐकायचं. कुठं थांबायचं हे हळूहळू हरिसिंगच्या कानाला कळायला लागलं. गिटारीच्या पोटात, गोल भोकातून दिसेल अशी, चिठ्ठी मात्र मालकाच्या नावाची चिकटायची.

एकदा त्यानं धीर करून विचारलं, एका तरी गिटारीत माझं नाव घालू का? मालक काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं आधी चहा मागवला. मग हसून म्हणाला, ‘हरिसिंग, हात तुझा सोन्याचा आहे. पण आत राठोड वाचल्यावर गिटार घेणार कोण? हे तुम्हा लोकांचं काम नाही रे.’ त्या महिन्यातच हरिसिंग गावी परतला. सोबत आणली ती फक्त हत्यारं आणि निवडून घेतलेली स्प्रूसची एक फळी.

इकडे त्याची बायको लालीबाई अठरा वर्षं एकटीनं कापसाचं वावर सांभाळत होती. पोरगी राखी तिनंच वाढवली, यवतमाळच्या कॉलेजात घातली. नवरा घरी आला याचा आनंद तिला झाला तो चार दिवस. पाचव्या दिवशी त्यानं मागच्या खोलीतून ज्वारीची पोती हलवली आणि तिथं पाट्या-फळ्या मांडल्या. ‘सवत घेऊनच आला,’ असं ती शेजारणींना सांगायची. शेजारणी हसायच्या. ती हसायची नाही.

मग नागपूरचे एक वादक त्याचा पत्ता शोधत तांड्यावर आले. कारखान्यातली त्यांची आवडती गिटार याच हातची होती, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. म्हणाले, दिवाळीत माझा मोठा कार्यक्रम आहे, तुमच्या गिटारीवर वाजवीन, आणि आत नाव तुमचंच पाहिजे. त्या रात्री हरिसिंगला झोप लागली नाही. पुढची फळी होती, पण पाठीला आणि बाजूंना जुनं, मुरलेलं शिसम हवं होतं. तसं शिसम अख्ख्या घरात एकाच ठिकाणी होतं. लालीबाईच्या बापानं लग्नात दिलेल्या पलंगाला.

घरात दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचे. लालीबाई रागावली म्हणजे वऱ्हाडीवर यायची, बाहेरच्या माणसाशी बोलावं तशी, आणि मग हरिसिंगही वऱ्हाडीतच उत्तर द्यायचा.

‘माह्या बापानं देल्लेला पलंग तुमाले वाजवासाठी पायजे?’

‘एकदा नाव होऊ दे लाली. तुले सागवानाचा नवा करून देतो.’

गादी उचलून तिनं स्वतःच भिंतीशी लावली आणि त्या दिवसापासून खाली चटईवर झोपायला लागली. हरिसिंगनं पलंगाच्या फळ्या चिरल्या, तासून तासून कागदासारख्या पातळ केल्या, पाण्यानं आणि धगीनं वाकवल्या. गिटार उभी राहिली. फक्त पॉलिश बाकी होतं.

खांडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, त्याची पूजा करायची. हरिसिंग पॉलिशची लाख आणायला आणि राखीला घेऊन यायला यवतमाळला निघाला. बसची घाई होती. दारातूनच बोलला, ‘लाली, हत्यारं पूजून ठेवजो.’ गिटार तिथंच टेबलावर आहे, तिला हात लावू नको, हे सांगायचं त्याला सुचलंही नाही. ज्वारीची पोती हलल्यापासून या खोलीत लालीबाईनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, मग सांगणार कशाला?

आणि नेमकं त्याच दिवशी तिनं खोली झाडली, सारवली. रंधे, पटाशा, करवती धुऊन पुसून पोत्यावर मांडल्या. पावसाळाभरचा राग तिनं त्या दिवशी बाजूला ठेवला होता, एवढं नक्की. कुऱ्हाडीच्या दांड्याला, वखराच्या लाकडाला जवसाचं तेल लावतात तसं सगळ्यांना तेल लावलं. मग तिचं लक्ष गिटारीकडे गेलं. पाठीवर बापाच्या पलंगाचं शिसम ओळखीचं वाटलं. पुढची पांढरी फळी कोरडीठक्क दिसत होती. तिनं तळहातभर तेल घेतलं आणि लेकराला चोळावं तसं जिरेपर्यंत चोळलं. वर कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूचा हार घातला.

संध्याकाळी हरिसिंग दारात आला आणि थिजला. कोरं स्प्रूस तेल प्यालं की संपलं. ते पुन्हा काढता येत नाही. त्यानं फळीवर बोट वाजवलं. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. मागं राखी होती. समोर लालीबाई उभी होती, नवं लुगडं नेसलेली, काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून.

‘कायले हात लावला?’ तो ओरडला. ‘तुले काय समजते यातलं? हे तुमा लोकांचं काम नोहे!’

शब्द तोंडातून गेले आणि कुणाचे आहेत ते त्याला कळलं. पुण्यातला तो चहासुद्धा आठवला. मालक निदान हसून म्हणाला होता.

लालीबाईनं हार काढून घेतला. ‘खरं हाय,’ ती वऱ्हाडीत म्हणाली. ‘माहं काम नोहे. माहा पलंग तेवढा देऊन द्या.’

नागपूरचे वादक आले, त्यांनी गिटार थोडा वेळ वाजवली, हळूच खाली ठेवली. दुसरी झाली की कळवा, म्हणाले, आणि कार्यक्रमाला आपली जुनीच घेऊन गेले, मालकाच्या नावाची. हरिसिंगकडे दुसरी फळी नव्हती, आणि मागायला पुण्याला जायचं तोंडही नव्हतं. आता तो नेरला चौकटी बनवतो. लोक हसत नाहीत. हरिसिंग सुधारला म्हणतात.

एकदा त्यानं गिटार उलटी धरून पाठीचं शिसम सोडवून पाहिलं. पलंगाच्या त्या जाड फळ्या आता नखाइतक्या पातळ राहिल्या होत्या, त्यांचा पाटसुद्धा झाला नसता. मग कबूल केल्याप्रमाणे त्यानं सागवानाचा पलंग केला, चारी पायांवर वेलबुट्टी कोरली, आणि खोलीत आणून ठेवला.

लालीबाईनं त्यावर ज्वारीची पोती रचली. ती अजून चटईवरच झोपते.