धीर देणारीची परीक्षा

धीरताईला धीर देण्याचं व्यसनच होतं. रुग्णालयात मदतनीस म्हणून ती चादरी बदलायची, रुग्णांचं अंग पुसायची, आणि जाता-येता प्रत्येकाला एकच औषध पाजायची, "काही होत नाही हो, सगळं छान होणार." पाय मोडलेल्याला तेच, पोट फाडलेल्यालाही तेच. नाव पडलं धीरताई, आणि तिलाही ते गोड वाटायचं.

खरं तर ती शिकलेली परिचारिका. पण मुलं झाली, पाठोपाठ सासरे अंथरुणाला खिळले, ती घरी बसली आणि तिचा परवाना बाद झाला. मुलं मार्गी लागल्यावर तिने परवान्याच्या परीक्षेला पुन्हा बसायचं ठरवलं. दोनदा बसली, दोनदा आपटली. औषधाची मात्रा, जखमेची निगा, चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे धावायचं, सगळ्यात बाई पक्की. घोडं पेंड खायचं ते रुग्णाच्या मनाची काळजी घेण्याच्या प्रश्नांवर.

"माणसांशी गोड बोलण्यात मी नापास! मग पास कोण होणार, दगड?" असं ती नवऱ्याला विचारायची. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. तो बिचारा म्हणायचा, "होशील गं या वेळी." पण आता शेवटची संधी उरली होती. ती हुकली की अख्खा अभ्यासक्रम पहिल्यापासून करायचा, आणि या वयात ते होणं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वॉर्डच्या मुख्य परिचारिकेने तिच्या सरावातली उत्तरं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, रुग्ण म्हणतो मला भीती वाटते, आणि तू म्हणतेस काही होत नाही. त्याच्या तोंडावर दार आपटलंस की! आता तो पुढे बोलेल का?"

"मग काय म्हणू? हो, घाबरा?"

"काही म्हणू नकोस. कसली भीती ते विचार आणि थांब. थांबता येतं का तुला?"

नव्हतं येत. म्हणून घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सराव सुरू झाला. आधी रुग्ण झाला नवरा. तो भट्टीवरून यायचा, खुर्चीत टेकायचा आणि भूमिकेत शिरण्याआधी घोरायला लागायचा. मग सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या, मापात चोख आणि जिभेने कात्री. त्यांनी रुग्ण असे काही वठवले की शेजारीण दोनदा घाबरून डोकावून गेली. धीरताईच्या तोंडून "काही हो..." एवढं निघालं रे निघालं की सासूबाई टेबलावर चमचा आपटायच्या. "चूक! मी रागावले आणि घरी निघून गेले!" दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. नवरा दचकून जागा व्हायचा आणि पुन्हा झोपायचा.

एका दुपारी ऑपरेशन नाकारणाऱ्या बाईचा प्रश्न निघाला. सासूबाई म्हणाल्या, "मला नाही करून घ्यायचं ऑपरेशन."

वाक्य प्रश्नातलंच होतं, पण सासूबाईंच्या डोळ्यात खरोखरच मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख त्यांनी कितीदा तरी पुढे ढकलली होती आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांना समजावून घसा कोरडा केला होता. दुखत नाही, चुटकीसरशी होतं, घाबरता काय!

"ऑपरेशन म्हटलं की काय येतं तुमच्या मनात, आई?" धीरताईने विचारलं. आणि थांबली. नळ ठिबकत होता. जीभ नुसती वळवळत होती, ती तिने दातांखाली धरली.

सासूबाईंनी टेबल पुसायचं फडकं उलगडलं, पुन्हा घडी घातली.

"कवळी काढायला लावतील," त्या पुटपुटल्या. "तुझ्या सासऱ्यांनीसुद्धा मला कधी बिनकवळीचं पाहिलं नाही. आता चार परक्या माणसांपुढे बोळकं पसरून पडू?"

म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! सगळं घर सुरीची भीती घालवत बसलं होतं आणि म्हातारी लाजेने अडून बसली होती. धीरताईला हसू आलं, गलबलूनही आलं. 'त्यात काय एवढं' अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"कोणी तसं पाहू नये, असं वाटतं तुम्हाला."

"वाटतंच मुळी! इतके दिवस कोणी विचारलंत का?"

दुसऱ्या दिवशी ती नेत्रविभागात जाऊन विचारून आली. भूल फक्त डोळ्यापुरती देणार होते, कवळी राहू द्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून ऑपरेशनला गेल्या, आणि डोळ्याची पट्टी सुटल्यावर पहिली तक्रार केली की घरच्या भिंतींना किती कळकट रंग दिलाय.

मग परीक्षा झाली. एका प्रश्नात घाबरलेला माणूस होता आणि त्याला धाप लागून ओठ निळे पडले होते. तिथे तिने क्षणभरही गप्पांचा पर्याय पाहिला नाही. आधी श्वास, मन मागून. दुसऱ्या एका प्रश्नात रडणारी बाई होती, आणि पहिलाच पर्याय होता धीर देण्याचा. हात सवयीने तिकडे गेला. तिने तो मागे घेतला.

निकाल फोनवर आला. पास! धीरताईने तो पुन्हा पुन्हा वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि हमसून हमसून रडायला लागली.

नुकताच घरात पाऊल टाकलेला नवरा भांबावला. "अगं, पास झालीस ना? मग रडतेस काय वेडे? सगळं छानच..."

"गप रे!" सासूबाई कडाडल्या. "हे उत्तर चुकीचं आहे."

त्यांनी खुर्ची ओढली, सुनेच्या शेजारी बसल्या आणि चक्क गप्प राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "काय वाटतंय गं?"

"मला वाटायचं, मी आता कायमची चादरी बदलणारीच राहणार," धीरताई म्हणाली. "फार भीती वाटायची, आई. कोणाला सांगितलंच नाही मी."

"सांग आता. ऐकतेय."

नवऱ्याने हळूच दुसरी खुर्ची ओढली आणि हातापायाचं पीठ तसंच ठेवून तोही बसला.