नेत्याचा उजवा हात

सूर्यमाळ गावी एका दिवंगत नेत्याचं राष्ट्रीय स्मारक व्हायचं ठरलं आणि समितीत मला घेतलं. मी जव्हारच्या शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणजे शिल्पकला आणि इतिहासही येत असणार, असं अध्यक्षांचं मत. मानधन नव्हतं, त्यामुळे माझ्या विद्वत्तेवर कुणी शंका घेतली नाही.

मुंबईच्या वास्तुविशारदाने आराखडा उलगडला. दोन पुरुष उंचीचा पुतळा, उजवा हात क्षितिजाकडे. खालच्या शिळेवरचा इतिहास मी लिहायचा.

नेत्याला पाहिलेली एकच म्हातारी पाड्यावर उरली होती. भूमिगत असताना ते तिच्या बापाच्या घरी राहिले होते. ती नाचणी पाखडत होती. मी आराखडा दाखवला.

"हात कशाला वर केलाय?"

"दिशा दाखवतायत, आजी."

"त्यांला कुठं दिशा ठावं? रानात दोनदा चुकले. माझा बा हुडकून आणायचा." सूप बाजूला ठेवत ती म्हणाली, "आन् तो हात वर जायचाच नाय. पोलिसांनी खांदा मोडलेला. डाव्या हातानंच आमच्यासंगं विहीर खणली."

मी चार पानं लिहिली, बैठकीत वाचली. अध्यक्ष म्हणाले, "सर, उत्तम. पण न उठणारा हात प्रेरणादायी वाटत नाही. शिवाय साचा तयार आहे."

इतिहासाने साच्यापुढे माघार घेतली. चार पानांच्या आठ ओळी झाल्या. त्यांत 'दिशादर्शक' हा शब्द दोनदा होता, विहीर एकदाही नव्हती. मी मुकाट सही केली.

उद्घाटनाला मला शाल मिळाली. म्हातारीला शेवटच्या रांगेत खुर्ची मिळाली, तीही एका पाहुण्यांना लागली म्हणून परत घेतली. पाहुणे जेवायला गेल्यावर ती शिळेपाशी आली.

"वाच की, गुरुजी. मला कुठं येतंय?"

पाड्यावरच्या बायाही येऊन बसल्या. मी शिळेकडे बघत माझी चार पानं आठवून म्हणू लागलो. मोडलेला खांदा आला, विहीर आली. जवळच उभा असलेला पहारेकरी म्हणाला, "एवढ्याशा दगडावर एवढं मावलं?"

"बारीक अक्षर आहे."

म्हातारी मान डोलवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या बाचं नाव कुठं हाय?"

दगडावर ते नव्हतंच. माझ्या चार पानांतही नव्हतं. तिथेही तो नुसता 'एक स्थानिक शेतकरी' होता. सत्यासाठी समितीशी मनातल्या मनात भांडणाऱ्या या इतिहासकाराने तिला बापाचं नाव विचारलंच नव्हतं.

"राहिलं, आजी," मी म्हणालो. "सांगा."

तिने सांगितलं. मी सन्मानाची शाल मांडीवर ठेवून खिशातल्या वहीत ते लिहून घेतलं. बरोबर लिहिलंय ना, म्हणून तिला दोनदा वाचून दाखवलं.