शेषेराव सरांची शनिवारची फेरी

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि पावसानं पाठ फिरवली होती. चाकूरकडच्या एका शाळेत शेषेराव सर भूगोल शिकवायचे. दहावी झालेल्या पोरांना पुढची वाट सांगायचं कामही त्यांच्याकडंच होतं. जवळ होती एक जुनी पुस्तिका, उस्मानाबाद जिल्ह्यात असतानाची. त्यातलं पाहून ते सांगायचे.

दहावी झालेल्या पंचशीलालाही तसंच सांगितलं. "टायपिंग शीक. कचेरीत टायपिंगवाल्याला मरण न्हाई."

पोरगी वर्षभर टायपिंग शिकली. सकाळी क्लास, मग आई नागुबाईबरोबर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. एके दिवशी ती शाळेच्या दारात उभी राहिली. हात खडीच्या धुळीनं पांढरे पडलेले.

"सर, लातूरला नर्सबाईच्या कोर्सचे अर्ज निघाले होते. खेड्यातल्याच पोरींना घेणार होते म्हणं. मुदत गेल्या महिन्यात सरली. तुम्हाला म्हाईत नव्हतं का?"

सरांना सबब सांगता आली असती. ते खाली बघत म्हणाले, "न्हाई. म्या विचारलंच न्हाई कुणाला."

ती निघून गेली. त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी अर्धी शाळा सुटताच त्यांनी लातूरची एसटी धरली. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत पसरलेल्या. सर एकेका कचेरीच्या फळ्यासमोर उभे राहून जाहिराती उतरवून घेऊ लागले: कुठला कोर्स निघाला, कुठली भरती थांबली, वयाची अट काय. एका कारकुनानं हटकलं, "मास्तर, तुमचं पोरगं हाय का बेकार?"

"पोरं लई हायत," सर म्हणाले.

घरी येऊन कार्बन लावून ते चार-पाच प्रती काढायचे आणि आसपासच्या शाळांत पोरांना वाट सांगणाऱ्या मास्तरांना एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडायचे. काही जण हसले. एकदोघांनी उलट चिठ्ठी पाठवून आणखी विचारलं.

साल फिरलं. नर्सच्या कोर्सची जाहिरात लागली तशी सर तडक खडीच्या कामावर गेले. पंचशीलानं हातोडा खाली ठेवून कागद वाचला, दोनदा वाचला.

"सर, माझं लगीन ठरलंय. हदगावला दिलंय मला."

नागुबाईनं पदरानं डोळे पुसले.

"धाकटी महामाया औंदा दहावी झाली," पंचशीला म्हणाली. "तिचा अर्ज भरा. मुदत कधीची हाय?"

"येत्या बुधवारची."

"मग उद्याच जावा."

सर गेले. महामायाचं नाव यादीत लागलं. लग्नात पंचशीला सरांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांना तिथं उभंही राहवेना. शनिवारची फेरी मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकदाही चुकवली नाही.